वाचक विचारतात : विल्यम टेंपल आणि पुलाचा आराखडा

मागच्या अंकात विल्यम टेंपल (१८८१-१९४४) यांच्यावर एक छोटे टिपण दिले होते. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधले सर्वोच्च पद, म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशपपद, त्यांच्याकडे जेमतेम अडीच वर्षे होते. पण घर, शाळा, मजुरी आणि विश्रांती हे धर्माचेच विषय आहेत, असे त्यांनी आयुष्यभर मांडले. टिपणावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहोत.

१८७७ च्या दुष्काळात मजुरांचा शिधा कापणारे टेंपलसाहेब ते हेच का? (एक निवृत्त तलाठी, भूम)

नाही. ते सर रिचर्ड टेंपल. व्हाइसरॉय लिटन यांनी १८७७ च्या सुरुवातीला त्यांना दुष्काळी भागाच्या पाहणीला पाठवले आणि त्याच वर्षी ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, बायका-मुलांना त्याहून कमी, असा दर त्यांनी ठरवला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे एवढ्यावर भागत नाही, असा आक्षेप मद्रासच्या आरोग्य खात्याचे अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच घेतला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही विरोध केला. आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हा दर आपल्याकडे थेट लागू नव्हता. पण सोलापूर आणि नगर हद्दीलगतच असल्याने नाव इकडेही पोचले असणार.

आडनावाचा घोळ एवढ्यावर मिटतो. पण दोघांना शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. रिचर्ड टेंपल यांचा हिशेब माणूस किती कमीत जगू शकतो, याचा होता. विल्यम टेंपल यांनी १९४२ मध्ये लिहिले ते असे की, प्रत्येक नागरिकाला घर चालवता येईल आणि मुले नीट वाढवता येतील इतके उत्पन्न खात्रीने मिळायला हवे. मजुरीची पट्टी कुठल्या टोकापासून लावायची, हाच दोघांमधला फरक.

त्यांना आधी पाळकपदाची दीक्षा नाकारली होती, हे खरे का? मग ते आर्चबिशप कसे झाले? (एम. ए. चा विद्यार्थी, उदगीर)

खरे आहे. त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१ रोजी एक्सेटरला, बिशपच्या वाड्यात झाला. वडील फ्रेडरिक टेंपल तिथे बिशप होते आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. रग्बी शाळा, ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज आणि मग क्वीन्स कॉलेजात तत्त्वज्ञानाचे अध्यापन, असा विल्यम यांचा रस्ता होता. १९०६ मध्ये त्यांनी दीक्षेसाठी ऑक्सफर्डचे बिशप पॅजेट यांना विचारले आणि येशूच्या कुमारीपोटी जन्मावरचा आपला विश्वास अजून कच्चा आहे, हे मोकळेपणाने कळवून टाकले. पॅजेट यांनी दीक्षा द्यायला नकार दिला. पुढे आर्चबिशप डेव्हिडसन यांनी त्यांना १९०८ मध्ये डीकन, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीवरचे धर्मसेवक केले आणि १९०९ मध्ये पूर्ण दीक्षा दिली.

पुढचा प्रवास थोडक्यात: १९१० ते १४ रेप्टन शाळेचे मुख्याध्यापक, मग लंडनच्या पिकॅडिली भागातल्या चर्चचे पाळक, १९२१ पासून मँचेस्टरचे बिशप, १९२९ पासून यॉर्कचे आर्चबिशप आणि १९४२ मध्ये कँटरबरी. मधल्या काळात काही वर्षे ते मजूर पक्षाचे सभासदही होते. गाऊटचा, म्हणजे सांधे सुजण्याच्या दुखण्याचा पहिला झटका वयाच्या दुसऱ्या वर्षी आला आणि ते दुखणे मरेपर्यंत पाठीशी राहिले. २६ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी ते गेले.

मँचेस्टरची वर्षे नजरेआड करू नका. गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या त्या पट्ट्यात बेकारी रोज दारात उभी होती. १९३८ मध्ये ‘मेन विदाउट वर्क’ हा बेकारांच्या स्थितीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो टेंपल यांनी पुढाकार घेऊन करवून घेतला होता, आणि त्याची बीजे याच काळातली म्हणावी लागतील.

धर्मगुरूंनी अर्थकारणात का पडावे? उद्या आमच्या पुलाचे ड्रॉइंगही तेच काढणार का? (स्थापत्य अभियंता, निलंगा)

आपण पुलाचे उदाहरण घेतलेत, आणि नेमके तेच टेंपल यांनीही घेतले आहे. पूल बांधायचा असेल तर तो खरोखर सुरक्षित हवा, ही इंजिनिअरची जबाबदारी आहे, एवढी आठवण चर्चने त्याला द्यावी. त्याचा आराखडा त्या कसोटीला उतरतो की नाही, हे सांगण्याचा अधिकार चर्चला नाही.

हा धडा टेंपल यांना अनुभवातून मिळाला, असे आम्हाला वाटते. १९२६ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला, पण खाणकामगार पुढे कित्येक महिने बाहेरच राहिले. मालकांना मजुरी कमी आणि तास जास्त हवे होते. काही बिशप आणि इतर चर्चचे पुढारी मध्यस्थीला उतरले, त्यांत टेंपल होते. सरकारने खाणींना काही काळ अनुदान द्यावे, अशी तडजोड त्यांनी मांडली. पंतप्रधान बाल्डविन यांनी त्यांना सुनावले की, लोखंड-पोलाद कारखानदारांच्या संघाला मी तुमचे अथनेशियन मतांगीकारपत्र, म्हणजे चर्चच्या श्रद्धेचे जुने अधिकृत निवेदन, दुरुस्त करायला बसवले तर तुम्हाला कसे वाटेल? टोला वर्मी लागणारा होता, पण पूर्ण न्यायाचा नव्हता. दोन्ही बाजूंना बोलते करणे हे पाळकाचेच काम आहे. मात्र अनुदानाचा उपाय सुचवला त्या क्षणी ही मंडळी इंजिनिअरच्या टेबलावर जाऊन बसली होती.

१९४२ च्या ‘ख्रिश्चॅनिटी अँड सोशल ऑर्डर’ या पुस्तकात त्यांनी कामाची पद्धत बांधून दिली. आधी तत्त्व सांगायचे. मग चालू समाजरचना त्या तत्त्वाशी कुठे आपटते, ते बोट ठेवून दाखवायचे. आणि रचना बदलण्याचे काम नागरिकांवर सोपवायचे. ते त्यांनी नागरिक म्हणून, आपापल्या धंद्यातली माहिती वापरून करायचे.

ही पद्धत दोन ठिकाणी बिघडते. एक तर माणूस पहिल्याच पायरीवर थांबतो. ‘शेजाऱ्यावर प्रेम करा’ म्हणून झाले की सभा संपते आणि कोणाच्याच वागण्यात फरक पडत नाही. नाही तर तो थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो, आकडे चुकतात, आणि आकड्यांबरोबर तत्त्वही बदनाम होते. म्हणून टेंपल आणि त्यांचे सहकारी मधल्या पातळीवरच्या, म्हणजे ढोबळ तत्त्व आणि तांत्रिक उपाय यांच्या मधल्या सूत्रांवर भर देत. ही कल्पना जे. एच. ओल्डम यांनी १९३७ मध्ये मांडली होती.

आपल्याकडच्या पाण्यावर ती लावून पाहा. ‘सर्वांना पाणी मिळावे’ हे फार ढोबळ झाले. त्याला कोणी नाही म्हणणार नाही आणि त्यातून काही निघणारही नाही. ‘जायकवाडीत वरच्या धरणांतून यंदा इतके टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडा’ हा तंत्राचा प्रश्न आहे. त्याला साठ्याचे, वहनातल्या तुटीचे आणि पिकांचे आकडे लागतात. ‘पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा, आणि तो भागेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही वापराला प्राधान्य नाही’ हे मधले सूत्र. ते देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, ग्रामसभेत कुठेही ठामपणे सांगता येते, आणि इंजिनिअरला त्यातून ठोस दिशा मिळते.

टिपणात सहा उद्दिष्टांचा उल्लेख होता, पण ती दिली नव्हती. शिवाय आमच्यासारख्या गावात त्यांचा उपयोग काय? आमच्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीला आईबापांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. (प्राथमिक शिक्षिका, धारूर तालुका)

उल्लेख करून उद्दिष्टे न देणे ही आमची चूक झाली. सरकारने आपल्यापुढे ठेवावीत म्हणून टेंपल यांनी लिहिलेली उद्दिष्टे अशी. प्रत्येक मूल अशा कुटुंबात वाढावे, ज्याला राहायला सभ्य आणि माणुसकीला शोभेल असे घर आहे. प्रत्येक मुलाला जाणत्या वयापर्यंत शिक्षण मिळावे. प्रत्येक नागरिकाला घर चालेल असे खात्रीचे उत्पन्न असावे. तो ज्या धंद्यात राबतो त्या धंद्याच्या कारभारात त्याला बोलण्याची जागा असावी. रोज पुरेशी फुरसत, सात दिवसांत दोन दिवस विश्रांती आणि नोकरदाराला वर्षातून एकदा भरपगारी सुट्टी मिळावी. आणि उपासना, भाषण, सभा आणि संघटना यांचे स्वातंत्र्य असावे.

बाई, यातल्या प्रत्येक ओळीपुढे एक कोयता उभा करा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याला सांगायला नको; पण शहरातल्या वाचकांसाठी एवढे सांगू की दोन माणसे मिळून हिशेबात एक धरतात, आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) बहुधा नवऱ्याच्या हाती येते.

घर : कारखान्याच्या तळावर पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. वाकून आत जायचे, आणि चूल, कपडे, लेकरू सगळे त्या एकाच जागेत. शिक्षण : दिवाळीपासून गाळप संपेपर्यंत वर्ग सुटलेला. उत्पन्न : उचल आधी घेतलेली असते, मजुरी टनावर ठरते, आणि हंगाम लवकर आटोपला किंवा उसाचा उतारा पडला तर अंगावर बाकी राहते, ती पुढच्या वर्षीच्या उचलीतून वळती होते. कारभारात आवाज : टनाचा दर संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटीत ठरतो. तिथे कोयत्यातल्या बाईची जागा कुठे आहे, हे विचारून पाहावे. विश्रांती : एक दिवस आजारपणात गेला तर त्याचा खाडा कापला जातो आणि दंड उचलीत चढतो. गाडी रात्री भरायला आली तर रात्रीही उठावे लागते. सात दिवसांत दोन दिवस विश्रांती, ही ओळ इथे वाचली की १९४२ चे हे उद्दिष्ट आणि आजचा तळ यांत किती अंतर आहे ते कळते. सहावे उद्दिष्ट घटनेने दिले आहे. पण उचल अंगावर असलेला माणूस मुकादमासमोर संघटनेचे नाव घेताना कचरतो.

ही उद्दिष्टे एकमेकांना धरून आहेत. एकच सुटी करून ओढली तर निसटते. शाळा सुधारली पण घरी आजी-आजोबा नसतील तर मूल तळावर जाणारच. म्हणून आपल्या हातात जे आहे तिथून धरा. हंगामी वसतिगृहाची यादी दसऱ्याआधी तयार हवी. गाड्या निघाल्यावर केलेल्या सर्वेक्षणात ती मुले नसतातच, आणि कागदावर स्थलांतर शून्य दिसते. यादीत मुलाबरोबरच गावात मागे कोण राहणार, त्याचे नाव लिहा; कारण वसतिगृहात जेवण असले तरी रात्री झोपायला घर लागते. जे मूल जाणारच आहे त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्या आणि त्यावर आईचा किंवा बापाचा चालू मोबाइल क्रमांक असल्याची खात्री करून घ्या. मुकादमाचा क्रमांक लिहिला की पुढच्या शाळेला पालक सापडत नाहीत.

‘वेल्फेअर स्टेट’ ही संज्ञा टेंपल यांनीच घडवली, असे लिहायचे का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नांदेड)

‘रूढ केली’ असे लिहा, ‘घडवली’ असे लिहू नका. जर्मन भाषेत त्याच अर्थाचा शब्द आधीपासून होता. टेंपल यांनी १९२८ च्या ‘ख्रिश्चॅनिटी अँड द स्टेट’ या पुस्तकात सत्ता-राज्य आणि कल्याण-राज्य अशी जोडी उभी केली. सत्ता-राज्यात माणसे राज्यासाठी असतात, कल्याण-राज्यात राज्य माणसांसाठी. १९४१ मध्ये त्यांनी ती पुन्हा मांडली आणि युद्धाच्या धामधुमीत शब्द लोकांच्या तोंडी बसला. परीक्षेत आणखी एक गफलत नेहमी होते. १ डिसेंबर १९४२ चा सामाजिक विम्यावरचा प्रसिद्ध अहवाल बेव्हरिज यांचा आहे, टेंपल यांचा नाही. दोघे बेलियल कॉलेजचे. बेव्हरिज यांना मात्र ‘वेल्फेअर स्टेट’ हा शब्द आवडत नसे. टेंपल यांनी ज्यासाठी आग्रह धरला तो कुटुंबभत्त्याचा कायदा १९४५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर झाला : पहिले मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग.

त्यांनी कामगारांचे अभ्यासवर्ग चालवले म्हणता. आमच्या वाचनालयात तसा वर्ग सुरू करायचा आहे. रचना कशी होती? (ग्रंथालय कार्यकर्ता, अंबाजोगाई)

ही संस्था म्हणजे वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन. अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी ती १९०३ मध्ये काढली आणि टेंपल १९०८ ते १९२४ तिचे अध्यक्ष होते. विद्यापीठाच्या दर्जाचे पहिले वर्ग १९०८ मध्ये रॉचडेल आणि लाँगटन इथे भरले. शिक्षक होते आर. एच. टॉनी; टेंपल यांचे जुने मित्र आणि जन्माने कलकत्त्याचे. वर्गात विणकर, कुंभारकाम करणारे, कारकून असे लोक.

नियम मोजके आणि कडक होते. वर्ग तीन वर्षांचा. वर्षाला २४ बैठका, आठवड्याला एक, प्रत्येक दोन तासांची. त्यांतला पहिला तास व्याख्यान आणि दुसरा पूर्ण चर्चेसाठी. सभासद जास्तीत जास्त ३२. पंधरा दिवसांनी प्रत्येकाने एक निबंध लिहून द्यायचा. विषय वर्गच ठरवणार.

या वर्गाचा प्राण दुसरा तास आणि निबंध यांत आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच आधी गळते. वक्ता रंगला की सव्वा-दीड तास बोलतो आणि चर्चा ‘काही प्रश्न?’ एवढ्यावर येते. म्हणून दुसऱ्या तासाची सूत्रे व्याख्यात्याकडे नकोत, वर्गातल्या एका सभासदाकडे द्या. त्याने घड्याळ लावून बसावे. निबंध एक पान चालेल, पण हाताने लिहिलेला हवा आणि तपासून पुढच्याच बैठकीत परत मिळायला हवा. दोनदा उशीर झाला की लिहिणारे थांबतात. दाराशी गर्दी झाली तरी आकडा वाढवू नका. पन्नास जणांत बोलणारे तेच सात राहतात.

वेळापत्रक पिकावर बेता. २४ आठवडे म्हणजे साडेपाच महिने. गावातल्या शेतकऱ्यांसाठी सोयाबीन निघून रब्बीची पेरणी उरकली की नोव्हेंबरच्या मध्यात सुरुवात करा आणि एप्रिल संपता संपता, लग्नसराई अंगावर येण्याआधी उरका. पण ऊसतोड कामगारांसाठी वर्ग काढायचा असेल तर हे महिने बाद. त्यांचा वर्ग पावसाळ्यातच भरवावा लागेल, आणि दसऱ्यापर्यंत जेमतेम अठरा बैठका मिळतील हे धरून विषय निवडावा. आमची सूचना : पहिल्या वर्षी ‘उचल, टन आणि हिशेब’ हाच एक विषय घ्या.

आमची मंडळी सी. एन. आय. ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) आहे, पण घराणे स्कॉटिश मिशनच्या काळापासूनचे. अँग्लिकन आर्चबिशपशी आमचा काय संबंध? (एक वाचक, जालना)

संबंध आहे, आणि तो निजामाच्या राज्यातून जातो. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री स्कॉटिश फ्री चर्चचे, तर औरंगाबादेत अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी. हे वेगवेगळे प्रवाह २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आले. चर्चच्या ऐक्यासाठी टेंपल आयुष्यभर झटले. १९३७ मध्ये एडिंबरोला भरलेल्या श्रद्धा आणि चर्चव्यवस्थेवरच्या जागतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते.

त्याआधी, १९१० च्या एडिंबरो मिशनरी परिषदेत तरुण टेंपल स्वयंसेवकाचे काम करत होते. त्याच परिषदेत तमिळ वक्ते व्ही. एस. अझरिया यांनी युरोपीय मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की, तुम्ही गरिबांसाठी सर्वस्व दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. दोनच वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ रोजी, अझरिया पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. त्यांचे ठाणे दोर्णकल, म्हणजे निजामाच्याच मुलखातले रेल्वे जंक्शन. माला आणि मादिगा या दलित जातींच्या वस्त्यांतून त्यांनी तेलुगू पाळक आणि गावशिक्षक उभे केले, दारूबंदीचा आग्रह धरला, आणि ख्रिश्चनांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत अशी ठाम भूमिका घेतली. टेंपल गेल्यानंतर दोनच महिन्यांनी, १ जानेवारी १९४५ रोजी, अझरियाही गेले.

त्यांच्या चुका, अपयश काही होते की नाही? (एक वाचक, परभणी)

होते. ज्यूंच्या कत्तलीवर २३ मार्च १९४३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यांनी तळमळीने भाषण केले. आपण इतिहासासमोर, मानवतेसमोर आणि देवासमोर उभे आहोत, म्हणाले, आणि निर्वासितांसाठी दारे उघडा अशी मागणी केली. सरकार फारसे हलले नाही. दुसरीकडे, जर्मन शहरांवरच्या सरसकट बॉम्बहल्ल्यांविरुद्ध चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल उघड बोलत होते, त्यांना टेंपल यांनी साथ दिली नाही. आमच्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात दुखरा भाग आहे. लोकांचे जीव वाचवणारे तत्त्व त्यांना सांगता येत होते. आपल्याच विमानांबाबत ते तितक्या स्पष्टपणे सांगितले नाही.

पुस्तक मिळवले आहे. कुठून वाचू? (प्राध्यापिका, हिंगोली)

सरळ पहिल्या पानापासून वाचू नका. चर्चने हस्तक्षेप कसा करावा, हे दुसरे प्रकरण आधी घ्या. पूल तिथे भेटेल. मग तत्त्वांची चौथी आणि पाचवी प्रकरणे : माणसाची प्रतिष्ठा, आणि तिच्यातून निघणारी स्वातंत्र्य, सहजीवन आणि सेवा ही तीन सूत्रे. सहाव्या प्रकरणात उत्पादन हे उपभोगासाठी असते आणि पैसा उत्पादनाचा नोकर असतो, हा क्रम उलटला की काय होते, ते आहे. ते सावकाश वाचा. नंतर सातवे. इतिहासाचे तिसरे प्रकरण शेवटी ठेवले तरी चालते.

परिशिष्ट मात्र वेगळ्या नजरेने वाचा. घरबांधणी, जमीन, बँकांची पत, शाळेत मुलांना दूध आणि जेवण, अशा नेमक्या योजना तिथे आहेत. त्या मुख्य मजकुरात न घालता परिशिष्टात ठेवल्या आहेत, आणि ती मते आपली स्वतःची आहेत, चर्चची नाहीत, असे टेंपल यांनी स्पष्ट केले आहे.